हात धुवायचे राहिले

लाइट आता तासभर तरी येत नाही, शर्ली. मनवेलपाड्याचा ट्रान्सफॉर्मर एकदा रुसला की जेवायच्या वेळेलाच परत येतो. तू बस. बूट काढ आणि पाय त्या स्टुलावर घे, चालून चालून सुजलेत बघ. हा चार्जिंगचा दिवा मधे ठेवते, चहा आहेच. उद्या त्या माणसाच्या घरी जायचं की केस सोडायची, ते तू ठरव. पण ठरवायच्या आधी माझी एक गोष्ट ऐक.

काय म्हणाला तो? 'सिस्टरच्या हाताला मासळीचा वास येतो, दुसरी पाठवा.' तू पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली आहेस एवढं कळल्यावर त्याला वास आला. त्याआधी चार दिवस त्याच हाताने तू त्याला इंजेक्शन देत होतीस, तेव्हा नाक बंद होतं वाटतं! राग येणारच. रडूही येणार, मलाही यायचं. सोळा वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन जखमा बांधते आहे. त्यातली पंधरा वर्षं मी परत येताना स्कूटरवर रडले आहे. हेल्मेटमुळे कोणाला दिसत नाही, एवढा एक फायदा. आता मात्र रडत नाही. का, ते सांगते.

मागच्या वर्षी, होळी होऊन गेल्यावरची गोष्ट. आपल्या ऑफिसातून फोन आला, वटारला एका आजींच्या पायाचं ड्रेसिंग आहे, जाशील का? शुगरचा पाय. तळव्याला रुपयाएवढी जखम. महिनाभर रोज ड्रेसिंग, एक दिवसही चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जखम भरली तर पाय राहील, नाहीतर घोट्यापासून कापावा लागेल. माझ्या आधी तीन सिस्टर जाऊन आल्या होत्या आणि तिघींनीही हात टेकले होते. फोनवरच्या मुलीने शेवटी हळूच सांगितलं, "ताई, त्या आजी जरा... विचारतात."

काय विचारतात ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अकरा पाय आजवर माझ्या हातात आले होते आणि त्यातला एकही मी कापू दिला नव्हता. बारावा का सोडू?

सकाळी माझ्या विरारच्या फेऱ्या असतात, म्हणून वटारची वेळ दुपारी बाराची ठरली. निर्मळ गाव मागे पडलं की उकाडा जरा कमी होतो. दोन्ही बाजूंना वाड्या, केळी, चाफा, मधूनच एखादं बावखल. हिरवं, स्थिर पाणी, काठावर वाकलेल्या माडांची सावली. आजींच्या घराच्या मागेही एक बावखल होतं. वळणावर भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईला मी पत्ता विचारला, तर ती म्हणाली, "बाराला जातेस? बारा टळल्यावर जा गं." मी हसले. आपल्याकडे भुतांनासुद्धा दुपारची पाळी असते.

घराच्या ओट्यावर वेगळंच काही चाललं होतं. एक चांगला धिप्पाड माणूस पालथा पडला होता आणि पन्नाशीचे एक गृहस्थ, पायजमा वर खोचून, त्याच्या पाठीवर हळूहळू पाय फिरवत होते. मला वाटलं मारामारी. तेवढ्यात खालचा माणूस म्हणाला, "अजून एकदा, रमेशभाऊ. तिथेच... हां!" आणि उठून, नारळ ठेवून चालता झाला.

हे रमेशभाऊ, आजींचे चिरंजीव. पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं नाही, पाय आधी बाहेर आलेले. पायाळू माणसाने पाय लावला की पाठीतली उसण निघते, हे तुला माहीत असेलच. शिवाय पायाळूला दुसऱ्यांना न दिसणारं दिसतं असंही म्हणतात, पण रमेशभाऊंना चष्म्याशिवाय वर्तमानपत्रही दिसत नव्हतं. पंचक्रोशीतली वाकडी झालेली माणसं त्यांच्या पायाखाली येऊन पडायची. त्या पायाला कोणी आडनाव विचारत नव्हतं.

मला मात्र विचारलं.

जयवंतीआजी पुढच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, लहानखुऱ्या, डोळे तेवढे तल्लख. मी उंबऱ्यावर पाऊल ठेवणार तोच आतून आवाज आला.

"थांब. आडनाव काय गं तुजं?"

"तांबे."

"कुठले तांबे?"

"मनवेलपाड्याचे."

"तसं नाय. मूळचे कुठले?"

"बी विंग, तिसरा मजला. त्याच्या आधी ए विंगमध्ये भाड्याने होतो."

आडनाव तांबे असलं की ही एक मजा आहे, शर्ली. कोणत्याही जातीत सापडतं, त्यामुळे विचारणाऱ्याला दुसरा खड्डा खणावा लागतो. माझे आजोबा साताऱ्याकडून आले आणि रेल्वेत सफाईला लागले. आजींना जी शंका आली होती ती शंभर टक्के खरी होती. पण तिचं उत्तर काही माझ्या ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये येत नाही.

आजींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हुकूम सोडला, "मागल्या दाराने ये. आनि हातात ते मोजे घाल. दोन दोन, एकावर एक."

"आजी, ग्लोव्हज मी घालतेच. तुमच्या जखमेला माझ्यापासून काही होऊ नये म्हणून."

"जखमेचं नाय बोलत मी."

रमेशभाऊ चष्मा पुसू लागले. त्यांची बायको स्वप्ना मला वळसा घालून मागे घेऊन गेली. तिचा चेहरा लालेलाल झाला होता. मागच्या दारालगत एक बारकी, अंधारी खोली होती. पूर्वी घरातल्या बाळंतिणी तिथे असायच्या. तिथेच आजींना आणून बसवलं. स्वप्नाने मला चहा दिला तो पेपर कपातून. फळीवर पेपर कपांची अख्खी नळी होती, खास आमच्यासाठी आणलेली. "सॉरी हां सिस्टर," ती पुटपुटली, "आईंना कळलं तर घरातले कप फेकून देतात." मी म्हटलं, अहो असू दे. माझ्या आजीला कान तुटलेली कपबशी मिळायची, तीही गोठ्याच्या वळचणीला ठेवलेली. त्या मानाने पेपर कप म्हणजे प्रगतीच की.

मी गुडघे टेकून बसले, पट्टी सोडली. जखम वाईट होती. शुगरने त्या पायातल्या नसा मेल्या होत्या. आपण नायलॉनचा तो बारीक धागा टोचून बघतो ना, तसा दहा ठिकाणी टोचला. आजी डोळे मिटून बसल्या होत्या. दहाही झाल्यावर म्हणाल्या, "सुरू कदी करतेस?" एकही कळला नव्हता.

बारा वाजले असतील. वाडीतला पंप बंद झाला. कावळे गप्प झाले. मागच्या दारातून बावखलाचा एक तुकडा दिसत होता, त्यावर पानसुद्धा हलत नव्हतं. मी सलाईनने जखम धुवत होते, आणि मला वास आला. ओव्याच्या धुरीचा. बाळंतिणीला देतात तशी, कोमट, घशात बसणारी. मला वाटलं, स्वयंपाकघरातून येतो आहे.

मग बांगड्या वाजल्या. काचेच्या, दोनचार. अगदी माझ्या कानाशी. मी वर पाहिलं. स्वप्ना दारात उभी होती, हाताची घडी घालून, स्तब्ध.

आजींनी डोळे उघडले नाहीत. फक्त म्हणाल्या, "हात काय बर्फात घालून आलीस?"

"मी?"

"घोट्याला धरलंस ते. गार हाय हात."

शर्ली, माझ्या एका हातात चिमटा होता आणि दुसऱ्या हातात सलाईनची बाटली. दोन्ही हातांत दोन दोन ग्लोव्हज. मी घोट्याला हात लावलेलाच नव्हता. आणि लावला असता तरी... त्या पायाला काही कळतच नव्हतं ना!

मी पट्टी बांधली, ट्रे भरला आणि निघाले. वळणावरची पाटीवाली बाई माझ्याकडे बघून फक्त मान हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तेच. पंप बंद, ओवा, बांगड्या. "हात काढ गं, गार लागतो." तिसऱ्या दिवशी मी माझे दोन्ही हात आजींना दाखवून मांडीवर ठेवले आणि विचारलं, "आता?" आजी चिडून म्हणाल्या, "आता तर दोन्ही हातांनी धरलंस!" मला घाम फुटला. पण खोटं कशाला बोलू, घामाबरोबर आत कुठेतरी बरंही वाटत होतं. मेलेल्या पायाला काहीतरी कळत होतं. सिस्टरला दुसरं काय पाहिजे?

पाचव्या दिवशी गंमतच झाली. मी पट्टीचं शेवटचं टोक चिकटवत होते, तेवढ्यात आजी एकदम हसल्या. साधं हसणं नाही. लहान मुलीसारखं, पाय झाडत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "सोड! सोड गं! गुदगुल्या होतात!" स्वप्ना धावत आली. रमेशभाऊ ओट्यावरून कोणाची तरी उसण अर्धी सोडून आले. "आईला हसताना मी बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले आणि तेही हसायला लागले. त्यांचं बघून स्वप्ना हसली, मी हसले. ओट्यावर पालथा पडलेला माणूससुद्धा, काय झालं ते न कळता, हसत होता.

हसू ओसरल्यावर आजींना आपण हसलो याचाच राग आला. म्हणाल्या, ही बाई मोजे काढून मला हात लावते, गुदगुल्या करते, उद्यापासून ही नको. मी सांगून पाहिलं. स्वप्ना म्हणाली, आई, मी बघत होते, त्यांनी काढले नाहीत. आजी भिंतीकडे तोंड करून बसल्या. रमेशभाऊ मला गेटपर्यंत सोडायला आले. "सिस्टर, दोन दिवस थांबा. मी दुसरी कोणी बघतो. आई ऐकत नाही आणि मला... मला तिच्याशी बोलता येत नाही."

"दोन दिवस म्हणजे पाय," मी म्हटलं.

"कळतंय मला."

कळत होतं, पण त्या माणसाचा पाय सगळ्या गावाच्या पाठीवर चालायचा, आईपुढे मात्र चालत नव्हता.

ते दोन दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. दुसरी कोणी मिळाली नाही. मिळणारही नव्हती, चौथी मीच होते. दोन दिवस ती जखम त्या उकाड्यात तशीच बंद. मी रात्री अंथरुणावर पडून डोळ्यांपुढे पाय काळा पडताना बघत होते. त्या बाईने मला मागच्या दाराने आत घेतलं होतं, तरी तिचा पाय मला हवा होता. आपल्या कामाचं हेच तर दुखणं आहे ना?

तिसऱ्या सकाळी स्वप्नाचा फोन आला. कुजबुजत होती.

"सिस्टर, याल का? आईंची पट्टी कोणीतरी बदललीये."

"कोणी?"

"तेच... तेच विचारायला फोन केला. तुम्ही येऊन गेलात का, आम्ही नसताना?"

मी स्कूटर कशी हाणली ते माझं मला माहीत. त्या दिवशी आजींनी मला कोणत्या दाराने ये ते सांगितलं नाही. मी सवयीने मागेच गेले. आजी मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय पुढे करून. पायाला माझी पट्टी नव्हती. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची चिंधी होती. हिरव्या चौकड्यांची. आणि गाठ... ती गाठ आपण बांधत नाही. दोऱ्याला दोन वेढे देऊन, टोकं आत दडपलेली. नाळ बांधतात तशी.

मी कात्रीने गाठ कापली. आतून सडका वास येणार अशी तयारी ठेवून श्वास धरला. वास आला तो ओव्याचा. आणि जखम, शर्ली... गुलाबी! डाळिंबाच्या दाण्यासारखी गुलाबी, स्वच्छ, कडेने नवीन कातडी धरत आलेली. मी एवढी छान जखम आठ दिवसांत कधी बघितली नव्हती. मी स्वप्नाकडे पाहिलं. तिने मान हलवली. घरात असलं लुगडं कोणाचंच नव्हतं.

आजी त्या चिंधीकडे बघत होत्या.

"मागलं दार लाव," त्या म्हणाल्या. मग लगेच, "नको. उघडंच ऱ्हाऊ दे."

मग त्या बोलल्या ते माझ्याकडे न बघता, त्या उघड्या दाराकडे बघत.

"जिजाचं हाय ते. पाड्यावरची जिजा. सुईन."

बावन्न वर्षांपूर्वी याच खोलीत आजी अडल्या होत्या. दोन दिवस. रस्ता धड नव्हता, डॉक्टर लांब. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मिठागराच्या बांधावरून जिजाला आणली. तिने हात घातला, आत पोराचे पाय लागले. "बाकीच्या बायका रडाय लागल्या," आजी म्हणाल्या, "आनि ही हसली. म्हनाली, वहिनी, तुमचा पोरगा चालत येतोय." आणि त्याला पायाला धरून, वळवून, जिवंत बाहेर काढलं. त्याला आणि आजींनाही.

अडलेल्या घडीला हात चालायचा. पदराला, पोटाला, पोराला, सगळ्याला. बाळ सुटलं की त्याच हाताचा विटाळ. त्यांच्याकडे रीत होती, बाराव्या दिवशी बाळंतिणीने स्वतः सुईणीचे हात ऊन पाण्याने धुवायचे, ओटी भरायची. तेव्हा सुईण त्या बाळंतपणातून सुटते. जिजा बाराव्या दिवशी पुढच्या दाराने आली. नवं लुगडं नेसून, हिरव्या चौकड्यांचं. बाळाच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. आणि तिथे आजींनी तिला थांबवलं.

"सासू नाय बोलली," आजी म्हणाल्या, "मीच बोलले. म्हटलं, मागं जा, ओटी पायरीवर ठेवते. हात नाय धुतले. आनि ती गेल्यावर पोराला न्हाऊ घातलं, तिनं शिवलं म्हनून."

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"हसली. ती हसरीच होती. जाताना बोलली, 'हात धुवायचे ऱ्हायले हां वहिनी. हात धुतल्याबिगर सुईन सुटत नाय. येईन मी बघाया.'" आजींचा आवाज फाटला. "मला वाटलं शाप दिला. मी बावन्न वरसं या दाराकडे पाठ करून ऱ्हायले... आनि ती पाय बांधाया आली."

मला रडू आलं. ते स्कूटरवरचं नव्हे, वेगळं. बाई मरून गेली, तरी तिच्या लेखी ही बाळंतीण अजून तिच्याच हाताखाली होती. तिची ड्युटी संपलीच नव्हती.

त्या दिवसापासून ड्रेसिंग आम्ही दोघींनी केलं म्हण ना. मी धुवायचे, बांधायचे. बांगड्या वाजायच्या. आजी म्हणायच्या, "हं, धरलं तिनं, तू कर आता." स्वप्ना पहिल्या दिवशी घाबरून तोंडावर पदर घेऊन उभी राहिली, तिसऱ्या दिवशी विचारू लागली, "आल्या का हो त्या?" जणू पाहुण्याच यायच्या होत्या.

आणि मग मी ही केस धरल्यापासूनचा बारावा दिवस आला. तो दिवस स्वप्नाने मोजून ठेवला होता. मी मागच्या दाराकडे वळले तशी ती ओट्यावरून ओरडली, "इकडून! आईंनी सांगितलंय, इकडून!"

पुढचं दार सताड उघडं. पुढच्या खोलीत पाट मांडलेला, भोवती रांगोळी. पितळेची परात, तांब्यात ऊन पाणी, लावलेला दिवा, हळद, नारळ, आणि कोरं लुगडं. हिरव्या चौकड्यांचं. रमेशभाऊंनी तीन दुकानं पालथी घालून आणलेलं. आजी पलंगावरून उतरून खाली बसल्या होत्या, पाय लांब करून.

"बस पाटावर. मोजे नको घालू."

मी बसले.

"मला ती दिसत नाय," आजी म्हणाल्या. "तिच्या वतीने तू हात धर."

मी हात पुढे केले. उघडे. आजींनी ते धरले. सुरकुतलेले हात होते त्यांचे. घट्ट धरले. बारा दिवसांत पहिल्यांदा आमची कातडी एकमेकींना लागली. ऊन पाणी पडलं. त्या माझी बोटं एक एक करून चोळत होत्या, नखांपर्यंत, आणि तोंडाने पुटपुटत होत्या, "सुटलीस गं बाय, सुटलीस..."

पंप बंद झाला. कावळे गप्प. ओव्याचा वास इतका दाटला की दिव्याची ज्योतसुद्धा धूसर झाली.

रमेशभाऊ उंबऱ्यात उभे होते. त्यांनी चष्मा काढला. का काढला, कोण जाणे. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि मग, हळूहळू, त्यावर हसू आलं.

"आई..." ते म्हणाले, "थांबू नको. अजून दोन हात आहेत. सिस्टरच्या उजवीकडे."

आजींनी 'कुठे' विचारलं नाही. तांब्या उचलला आणि माझ्या उजव्या बाजूला, रिकाम्या हवेत, पाणी ओतलं.

ते पाणी परातीत पडलं नाही. लगेच नाही पडलं. हवेत थांबलं, पसरलं, ओंजळीएवढं झालं. आणि मग खाली ठिबकलं. दहा ठिकाणांहून. दहा थेंब... टप, टप... बोटांच्या टोकांवरून निथळतात तसे.

कोणी किंचाळलं नाही. आजी हसत होत्या आणि रडत होत्या. त्यांच्या पायाचा तळवा आपोआप आखडत होता, म्हणून आम्हाला कळलं, गुदगुल्या चालू आहेत. नंतर आम्ही घरातल्या कपांतून चहा घेतला. फुलाफुलांचे कप, पाहुण्यांचे. स्वप्नाने पाच भरले. पाचवा कोणी उचलला नाही, पण तिने भांडी उचलली तेव्हा तो रिकामा होता.

पाय वाचला. महिन्याने आजी काठी टेकत बावखलापर्यंत चालत गेल्या. डॉक्टरांनी पुन्हा धागा टोचून पाहिला, दहापैकी चार ठिकाणी कळलं. असं होत नाही, म्हणाले आणि पुन्हा टोचला. आता तू विचारशील, म्हातारी सुधारली का? एका पायापुरती. परवा त्यांच्याकडे नळ दुरुस्त करायला माणूस आला, त्यालाही आडनाव विचारलंच. मग स्वतःच्या पायाकडे बघितलं, जीभ चावली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. चहा घेशील ना?" चालायचंच. ऐंशी वर्षांची सवय एका जखमेत निघत नाही.

आणि सगळेच लोक जयवंतीआजी नसतात, हेही ऐकून ठेव. काही मरेपर्यंत नाक मुरडतात. तुझा तो माणूस तसला असेल तर खुशाल सोड त्याला, ऑफिसला मी सांगते. तुझ्या हातात काही कमी नाही. त्याला वास आला तो त्याच्या डोक्यातला.

एक सांगायचं राहिलं. जिजा सुटली असं आम्हाला वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात मी नालासोपाऱ्याला नवी केस घेतली. एक रिटायर्ड मास्तर, तेही आडनाव विचारणारे. बारा वाजता मी त्यांची पट्टी बांधत होते आणि ते म्हणाले, "सिस्टर, कामाच्या वेळी बांगड्या घालू नयेत. आवाज होतो." मी माझी मनगटं बघितली. मोकळी. मला एवढं हसू आलं! बिचारीला ड्युटी सुटल्यावर घरी जायचं असतं, हे कोणी शिकवलेलंच नाही. सुटली आणि लगेच दुसरी धरली. आता तर ती बाराची वाटसुद्धा बघत नाही. म्हणून मी रडत नाही, शर्ली. कोणाच्याही मागच्या दाराने गेले तरी मी एकटी नसते.

मग, उद्या काय करतेस? जातेस?

अगं, हसतेस काय एकदम? आत्ता तर डोळे पुसत होतीस. काय झालं? पाय का ओढलास?

गुदगुल्या? मी कशाला करू?

हे बघ, शर्ली. नीट बघ, दिव्याजवळ ये. माझे दोन्ही हात या कपाभोवती आहेत.